गालावरची हद्द

दिव्यानीची दाढ दुखायची थांबली त्या दिवशी मी शिरा केला होता. डॉक्टर नाही, गोळी नाही. नुसत्या लवंगेच्या तेलावर आणि मिठाच्या गुळण्यांवर मी एक दाढ बरी केली, याचा मला फार अभिमान वाटला होता. मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले आहे, विषय प्राणिशास्त्र. बेडकाचे दात जबड्यात कुठे असतात हे मी आजही आकृती काढून, नावं देऊन सांगेन. पोटच्या पोरीच्या तोंडात काय चाललंय, हे मात्र मला आमच्या सगळ्या धानोरा गावानंतर कळलं.

शिऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी शाळेसाठी वेण्या घालताना मला डावीकडची वेणी आखूड वाटली. उसवून पुन्हा घातली. तरी आखूड. मग लक्षात आलं की वेणी बरोबर आहे, गाल मोठा झालाय.

"दिवू, दुखतंय का गं?"

"नाई."

"दाढ?"

"नाई म्हटलं ना."

"आ कर, पाहू दे."

यावर तिने ओठ असे आवळले की तोंडाची नुसती एक रेघ उरली. यात तिची चूक नव्हती. मागच्या वेळी "फक्त पाहते" म्हणून मी तिच्या तोंडात लवंगेचं तेल ओतलं होतं. सहा वर्षांच्या माणसाला एवढी आठवण असतेच.

इतक्यात सासूबाई आल्या. भागीरथाबाई हे त्यांचं नाव, आणि निदान हा त्यांचा छंद. त्यांनी दारातूनच पाहिलं. "गालफुगी होय ही. प्रणितले झाली होती लहानपणी. अस्साच दिसत होता, माकडावानी."

प्रणित म्हणजे माझे मिस्टर. वनखात्याच्या कार्यालयात लिपिक आहेत. चहाचा कप हातात धरून त्यांनी मुलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि कार्यालयात म्हणतात तसंच म्हणाले, "दोन दिवस निरीक्षणात ठेवू."

मी काही ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी मोबाइलवर शोधलं. गालफुगीत गाल सुजतो: सुजला होता. ताप येतो: अंग थोडं कढत लागत होतंच. एकाचं दुसऱ्याला होतं: हे अजून झालं नव्हतं, पण होईल तोवर थांबणं मला जबाबदार नागरिकाला शोभणारं वाटलं नाही. मी गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं, "आमच्या दिव्यानीला गालफुगी झाली आहे. कृपया आपापल्या मुलांना जपावे." खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं.

शेजारच्या रोशनचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याने माझा निरोप वाचला, मग मोठ्या पुरुषांना गालफुगी झाली तर पुढे मूलबाळ होण्यात काय काय अडचणी येऊ शकतात तेही कुठेतरी वाचलं, आणि त्या दिवसापासून तो आमच्या दारावरून जाईनासा झाला. पाण्याच्या टाकीला वळसा घालून, बाभळीतून, चिखलातून घरी जायचा. त्याच्या बायकोने भिंतीवरून मला विचारलं, "ताई, हे वाऱ्यानं येते का जी?" काय सांगावं? मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी असूनही लाजले.

घरात सासूबाईंनी प्रणितचं अंथरूण पडवीत टाकलं. "तू पोरीच्या जवळ जाऊ नको. एकच लेकरू आहे अजून तुले."

"आई, मले झाली होती ना लहानपणी? पुन्हा होत नाई."

"तुले एका बाजूनंच झाली होती."

प्रणित उशी घेऊन पडवीत गेले. माणूस पडवीत झोपतो याचं दुःख नसतं. तो का झोपतो हे गल्लीला माहीत असतं, याचं असतं.

मग उपचार सुरू झाले. सासूबाईंनी हळद आणि चुना कालवला, गरम केला आणि गालावर थापला. हळदीत चुना पडला की ती लाल होते, त्यामुळे गाल दुप्पट सुजलेला दिसू लागला. तो वाळतो न वाळतो तोच नथ्थूभाऊ आले. नथ्थूभाऊ निवृत्त वनरक्षक. उभी नोकरी जंगलाच्या हद्दी सांभाळण्यात गेली, त्यामुळे त्यांना कोणतीही गोष्ट हद्दीत नसली की करमत नाही. ते दिव्यानीसमोर उकिडवे बसले, तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि म्हणाले, "बाई, लेप लावला ते बरं केलं. पण हद्द कुठी आहे?"

"कसली हद्द?"

"सुजीची. हद्द नाई बांधली तं सूज फिरते. गळ्यात उतरते, डोक्यात चढते. नीळ आण थोडी."

आमच्याकडे पांढऱ्या कपड्यांसाठी नीळ होती. नथ्थूभाऊंनी काडेपेटीतली काडी निळीत बुडवली आणि जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, सुजेच्या कडेकडेने रेघ मारली. नाकपुडीच्या बाजूने निघाली, डोळ्याच्या खाली चांगलं बोटभर अंतर ठेवून गेली, कानाच्या अलीकडून वळून जबड्यावरून परत आली. मधे मधे जाड ठिपके, सीमेवर दगड रोवतात तसे. मग लांब होऊन पाहिलं. "आता नाई जात बाहेर."

दिव्यानीला रेघ आवडली. तिने आरशात पाहून घेतलं. मला कशानेच बरं वाटत नव्हतं. मी दर थोड्या वेळाने तिच्या कपाळाला हात लावत होते, आणि माझाच हात गरम आहे की तिचं कपाळ हे ठरवण्यासाठी मग भिंतीला हात लावत होते. शाळेच्या ग्रुपवर बाईंचा निरोप आला होता, "उद्या सर्व मुलांनी न चुकता दात घासून यावे." मी लगेच कळवलं, "गालफुगी असल्यामुळे दिव्यानी येऊ शकणार नाही." सगळ्या मुलांना दात घासायची आठवण का करावी लागते, हा विचार मनात आला नाही. उलट, आजकालच्या आया, असं काहीतरी मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजेने हद्द ओलांडली.

डोळ्याखालच्या निळ्या ठिपक्यांच्या वर गाल तट्ट फुगून आला होता. डावा डोळा मिटला होता. पापण्यांमध्ये फक्त एक ओली फट. अंग चांगलंच तापलं होतं. दिव्यानी रडत नव्हती, हेच मला सहन होईना. भिंतीला टेकून ती नुसती बसून होती, आणि चहात बुडवलेलं बिस्किट हातातल्या हातात विरघळून खाली पडलं तरी तिने पाहिलं नाही.

मी मोबाइलवर गालफुगीची चित्रं पुन्हा उघडली. पहिल्यांदा मी मजकूर वाचला होता; चित्रं पाहिली नव्हती. चित्रातल्या सगळ्या मुलांची सूज कानाच्या खाली होती आणि कानाची पाळी वर उचललेली होती. दिव्यानीची पाळी जागच्या जागी, डूल सरळ लोंबतंय. तिची सूज नाकाच्या बाजूने निघून वर डोळ्याकडे चालली होती. गालफुगीने कोणाचा डोळा मिटलेला एकाही चित्रात दिसेना.

"आई, ही गालफुगी नाही."

"मंग काय होय?"

"तोंडात पाहायला पाहिजे."

तोंड उघडायला दिव्यानी तयार नव्हती. चॉकलेट दाखवलं, मान हलली. बाबांनी मोबाइल देतो म्हटलं, मान हलली. सासूबाई म्हणाल्या वाघ येईल. आमच्या भागात ही धमकी नसून बातमी असते, त्यामुळे तिने फक्त दाराकडे पाहिलं. जबरदस्ती करायची माझी हिंमत होईना. मग मला कॉलेजातलं आठवलं: जांभई एकाची पाहून दुसऱ्याला येते.

मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि जांभई दिली. प्रणितला खूण केली, त्यांनीही दिली. सासूबाईंना काही कळलं नाही, पण आम्हा दोघांकडे पाहून त्यांना खरीखुरीच आली, आवाजासकट. आम्ही तिघं ओळीने बसून जांभया देतोय, मुलगी तापाने फणफणली आहे, आणि अशा वेळी दारात नथ्थूभाऊ उभे.

"रात्रभर जागले वाटते," ते कळवळून म्हणाले, आणि त्यांनीही आ वासला.

दिव्यानीला आली. मोठी नव्हती, अर्धवटच. सुजेमुळे तोंड पुरतं उघडत नव्हतं. पण मी मोबाइलचा टॉर्च तयारच धरला होता. वरच्या दुधाच्या दाढेत काळं भोक दिसलं, आणि त्याच्या वर हिरडीवर पिवळट टोकाचा फोड. शिवाय एक वास आला. तो वास आल्यावर मला दुसरं काही पाहावं लागलं नाही.

"दाढेचं गळू आहे," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता गडचिरोली."

नथ्थूभाऊंनी रेघेकडे पाहिलं. "नीळ पातळ होती," ते म्हणाले.

गडचिरोलीची बस भरलेली होती. बाजाराचा दिवस, पायात कोंबड्या, मांडीवर टोपल्या, उभं राहायला जागा नाही. सासूबाईंनी चढल्या चढल्या मोठ्याने सांगितलं, "सरका जी, पोरीले गालफुगी आहे!" आणि काय आश्चर्य, मधल्या तीन सीटा एकदम मोकळ्या झाल्या. सगळे पुरुष मागे जाऊन एकमेकांच्या अंगावर उभे राहिले. आम्ही ऐसपैस बसलो. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला खोटं सहन होत नाही, विशेषतः मी काळजीत असताना. "गालफुगी नाही हो," मी मागे वळून म्हणाले, "दाढेचं गळू आहे. कोणाला होत नाही."

एका दमात सगळे परत आले. सीटा गेल्याच, वर सल्ले सुरू झाले.

"शेका ना बाई. गरम विटेनं शेका."

"शेकल्यानं वाढते ते. माझ्या साळ्याचं वाढलं."

"सुईनं फोडून टाकाव. आमच्या गावात एकानं फोडलं."

"मग बरा झाला का?" मी विचारलं.

तो माणूस खिडकीबाहेर पाहू लागला. मग म्हणाला, "त्याले नागपूरले नेलं."

मी दिव्यानीला मांडीवर घेतलं होतं. तिचा गरम गाल माझ्या दंडाला लागत होता आणि प्रत्येक खड्ड्याला मी तिचं डोकं हातात उचलून धरत होते. ती पाणी गिळते का, श्वास नीट घेते का, एवढंच मी बघत होते. ती वैतागून म्हणाली, "मम्मी, नको न पाहू."

दवाखान्यात चिठ्ठी काढायच्या खिडकीपाशी पोहोचलो. आतल्या माणसाने विचारलं, "काय होते?"

"दाढेचं गळू. लहान मुलगी आहे, ताप आहे."

"दाताच्या डॉक्टरबाई आज नाईत. कॅम्पले गेल्या."

"कुठी?" प्रणितने विचारलं.

"धानोऱ्याले. शाळेत मुलांचे दात तपासाले."

प्रणितने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी भांडले असते. पण तो एका लिपिकाचा, नियमातच बसत नाही असं काहीतरी वाचल्यानंतरचा चेहरा होता. आमच्या घरापासून शाळा हाकेच्या अंतरावर आहे. न चुकता दात घासून यावे.

मी रडणार होते, पण तेवढ्यात प्रणितने फोन लावला. नथ्थूभाऊंना. "भाऊ, जरा शाळेत जाऊन पाहा, दाताच्या डॉक्टरबाई आल्यात का?"

"पाहाले काऊन जायाचं?" पलीकडून नथ्थूभाऊंचा आवाज आला, बोबडा, तोंडात काहीतरी असल्यासारखा. "त्यायच्या पुढंच बसून आहो मी. मले वाटलं आपल्याही कवळीचं पाहून घ्यावं. कॅम्प पोरायचा आहे म्हणून त्या मले उठवून राह्यल्या."

मी फोन हिसकावून घेतला आणि तिकडचा फोन डॉक्टरबाईंच्या हातात द्यायला सांगितलं. डॉक्टरबाईंनी मला सुजेचा आकार विचारला नाही, दाढही विचारली नाही. विचारलं: ताप किती? डोळा उघडतोय का? थुंकी गिळता येते की गळतेय? श्वास घेताना आवाज येतो का? गळ्याखाली सूज आहे का? मी एकेकाचं उत्तर दिलं. गिळतेय, श्वास ठीक आहे, गळा मऊ आहे. ताप आहे, डोळा मिटलाय.

"परत फिरू नका," त्या म्हणाल्या. "तिथेच तातडीच्या विभागात न्या, मी त्यांना फोन करते. सलाईनमधून औषध लगेच सुरू होईल. मी निघतेच. शेकू नका, काही टोचू नका, हिरडीवर गोळी बिळी ठेवू नका. आणि ताई, घाबरल्याचं तिला दाखवू नका."

शेवटचं सोडून मी सगळं पाळलं.

आत एका परिचारिकेने तापाचं औषध दिलं, सलाईन लावलं. मग डॉक्टर येईपर्यंतचा वेळ. त्या वेळाबद्दल मी काही लिहीत नाही. सासूबाईंनी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचंही निदान केलं नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

जीप आली. डॉक्टरबाई उतरल्या, मागून नथ्थूभाऊही उतरले. "म्हटलं, आपलीच पोरगी आहे," ते म्हणाले. डॉक्टरबाई दिव्यानीसमोर बसल्या आणि थबकल्या. लाल हळद, वर पिवळे ओघळ, निळे ठिपके, आणि रात्री घामाने हे सगळं एकत्र होऊन जबड्याशी झालेला हिरवा रंग.

"सूज किती लाल आहे ते मला बघायचंय," त्या म्हणाल्या, "आणि इथे सगळंच लाल आहे. खोबरेल तेल आणा."

सासूबाईंनी पुसायला घेतलं. हळद निघत होती पण त्यांच्या डोळ्यांतलं पाणी तिथेच पडत होतं. नीळ मात्र निघेना.

"ही रेघ कोणी मारली?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी नथ्थूभाऊंकडे पाहिलं. नथ्थूभाऊ छताकडे पाहू लागले.

"केव्हा?"

"काल दुपारी," मी म्हणाले.

"म्हणजे काल सूज इथपर्यंत होती. आणि आज इथे." त्यांनी बोटाने अंतर मोजलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "एका दिवसात एवढी वर चढली म्हणजे थांबायचं नाही. आत्ताच मोकळं करू." मग खिशातून बॉलपेन काढून त्यांनी सुजेच्या नव्या कडेने दुसरी रेघ मारली. "आम्हीही मारतो अशी रेघ. मात्र ती सूज अडवायला नसते, कळायला असते."

नथ्थूभाऊंनी मला हळूच कोपराने ढोसलं. "पेन वापराले पाहिजे होता."

मग डॉक्टरबाई दिव्यानीला म्हणाल्या, "तोंड उघड बरं." दिव्यानीने उघडलं. तसंच, सरळ, जमेल तेवढं. मी, माझी पदवी, चॉकलेट, वाघ आणि चौघांच्या जांभया, या सगळ्यांचा तिने एका क्षणात निकाल लावला.

मला बाहेर काढलं. कारण विचारलं तर परिचारिका म्हणाली, "पोरगी हालत नाई, तुम्ही हालून राह्यल्या."

दाराबाहेर मला एक छोटीशी किंकाळी ऐकू आली, इंजेक्शनची. मग काहीच नाही. ती किंकाळी बरी होती. मी दाराला कान लावला. प्रणित शेजारी येऊन उभे राहिले, निरीक्षण वगैरे काही बोलले नाहीत, माझी ओढणी धरून होते. लहान मुलं धरतात तशी.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. दाढ काढली होती, पू मोकळा झाला होता. "नुसत्या औषधाने सूज थोडी उतरली असती आणि परत आली असती," त्या म्हणाल्या. "पुवाला बाहेर पडायला वाट द्यावी लागते. आता रात्रभर इथेच ठेवू, डोळ्यावर लक्ष ठेवायचंय. औषध सांगितलं तेवढे दिवस पूर्ण द्यायचं, बरं वाटलं तरी. दाढ आधी दुखत होती ना?"

"हो. पण मग आपोआप थांबली."

"तेव्हा काय केलं?"

"शिरा," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. "आतली नस मेली की दुखणं थांबतं. आजार नाही थांबत. कीड लागलेली दाढ गप्प झाली की तेव्हाच आणायचं."

सकाळी खिडकीतून ऊन आलं तेव्हा दिव्यानी झोपलेली होती. कपाळ गार होतं. या वेळी मी भिंतीला हात लावून पाहिला नाही. पेनाची रेघ गालावर होती आणि सूज तिच्या आत, चांगली खाली उतरली होती. मी वाकून पाहत होते, तेव्हा तिची उजवी पापणी उघडली. मग डावी थरथरली, चिकटलेली होती, थोडी अडली, आणि उघडली. लाल होती, बारीक होती, पण आत तिचं काळं बुबुळ होतं आणि ते माझ्याकडे वळलं.

ती बराच वेळ दोन्ही डोळ्यांनी मला पाहत राहिली. मग काळजीने तिने माझ्या गालाला हात लावला.

"मम्मी," ती म्हणाली, "तुझं तोंड काऊन सुजलं वो?"